इटालियन क्रियापदव्यवस्था

इटालियन भाषेतील क्रियापदांची काळ, अर्थ, पुरुष व वचन यांनुसार होणारी रूपे आणि ती रूपे प्रमाण ठरण्याचा इतिहास यांचा विचार या विषयात होतो. इटालियन ही लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांपैकी एक असून तिची क्रियापदरूपे संख्येने विपुल आहेत. शालेय व्याकरणात ती तीन गण, सात अर्थ व एकवीस काळ अशा कोष्टकात मांडलेली असतात. कोष्टक पाहणाऱ्यास ही रचना सलग, तर्कशुद्ध व पुरातन वाटते. वस्तुतः तिच्यातील काही रूपे लॅटिनमधून आली, काही लॅटिन बोलभाषा बदलत असताना नव्याने घडली आणि एकाच अर्थाच्या अनेक रूपांपैकी कोणते शुद्ध मानावयाचे, हे लेखक, व्याकरणकार, मुद्रक व पुढे शाळा यांनी ठरविले. इटलीचे राजकीय ऐक्य १८६१ मध्ये झाले, तर भाषेचे प्रमाण त्यापूर्वी सुमारे साडेतीन शतके ग्रंथांतून निश्चित होत आले होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बहुसंख्य इटालियन लोकांना आपल्याच देशाच्या भाषेतील क्रियापदे परभाषेप्रमाणे शिकावी लागली. इटालियन क्रियापदाच्या इतिहासाचे सामाजिक महत्त्व यातच आहे.

रूपावलीचे स्वरूप : क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘-आरे’, ‘-एरे’ किंवा ‘-ईरे’ हे प्रत्यय येतात व त्यांवरून तीन गण मानले जातात : ‘कांतारे’ (गाणे), ‘क्रेदेरे’ (मानणे, विश्वास ठेवणे), ‘दोर्मीरे’ (झोपणे). लॅटिनमध्ये गण चार होते. त्यांपैकी दुसरा व तिसरा हे इटालियनमध्ये एक झाले. तथापि ‘तेमेरे’ (भिणे) या शब्दात आघात उपान्त्य स्वरावर, तर ‘क्रेदेरे’ या शब्दात तो आरंभीच्या स्वरावर पडतो आणि एवढ्यावरून जुना भेद आजही ओळखता येतो. तिसऱ्या गणातील पुष्कळ क्रियापदांत एकवचनी रूपे व तृतीय पुरुषी अनेकवचन यांत ‘-इस्क-’ हा आगम होतो : ‘फीनीस्को’ (मी संपवितो), परंतु ‘फीनियामो’ (आम्ही संपवितो). क्रियेचा आरंभ दाखविणाऱ्या एका लॅटिन प्रत्ययाचा हा अवशेष असून त्याचा मूळ अर्थ लोपला आहे.

सात अर्थांपैकी चार पुरुषवाचक आहेत : स्वार्थ (इंदिकातीव्हो), संभावनार्थ (कोंजुंतीव्हो), संकेतार्थ (कोंदित्स्योनाले) व आज्ञार्थ (इंपेरातीव्हो). उरलेले तीन म्हणजे मराठी व्याकरणाच्या परिभाषेत धातुसाधिते होत : मूळ रूप (इन्फिनीतो), विशेषणात्मक धातुसाधित (पार्तिचीप्यो) व क्रियाविशेषणात्मक धातुसाधित (जेरून्द्यो). यांपैकी शेवटच्या प्रकारातील ‘क्रेशेंदो’ (वाढत), ‘राल्लेन्तांदो’ (मंदावत) यांसारखी रूपे पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनातून जगभर परिचित झाली आहेत. स्वार्थात आठ काळ येतात. त्यांपैकी वर्तमान, अपूर्ण भूत, साधा भूत व साधा भविष्य हे एका शब्दाने, तर उरलेले चार सहायक क्रियापद व भूतकालवाचक धातुसाधित यांच्या संयोगाने व्यक्त होतात. संभावनार्थात चार, संकेतार्थात दोन, आज्ञार्थात एक आणि तीन धातुसाधितांत प्रत्येकी दोन, असे एकूण एकवीस काळ होतात.

पुरुष व वचन प्रत्ययावरूनच कळत असल्याने कर्तृवाचक सर्वनाम बहुधा वगळले जाते. ‘कांतो, कांती, कांता, कांतियामो, कांताते, कांतानो’ या वर्तमानकाळाच्या सहा रूपांनी सहा वेगवेगळे कर्ते सूचित होतात. संभावनार्थाच्या वर्तमानकाळात मात्र एकवचनाच्या तिन्ही पुरुषांचे रूप ‘कांती’ असेच असते. त्यामुळे तेथे संदिग्धता टाळण्यासाठी सर्वनाम अनेकदा घालावे लागते.

लॅटिनकडून झालेले संक्रमण : रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमध्ये उच्चार बदलले आणि त्यांबरोबर क्रियापदांतील कित्येक भेद पुसले गेले. ‘आमाबित’ (तो प्रेम करील) व ‘आमाव्हित’ (त्याने प्रेम केले) या रूपांतील ‘ब’ आणि ‘व’ हे ध्वनी एकमेकांत मिसळल्यावर भविष्य व भूत यांची गल्लत होऊ लागली. दुसऱ्या प्रकारच्या क्रियापदांत दीर्घ ‘ए’ व ऱ्हस्व ‘इ’ यांचा उच्चार एक झाल्याने ‘दीकेस’ (तू म्हणशील) व ‘दीकिस’ (तू म्हणतोस) यांत फरक राहिला नाही. परिणामी लॅटिनचा जुना भविष्यकाळ लोपला. त्याचप्रमाणे एका शब्दाने होणारा कर्मणी प्रयोग, रूपाने कर्मणी परंतु अर्थाने कर्तरी अशी क्रियापदे आणि संभावनार्थाचा मूळ अपूर्ण भूत हेही नाहीसे झाले. यांतील शेवटच्या रूपाचे अवशेष सार्डिनिया बेटाच्या भाषेत टिकून राहिले. इटालियनमध्ये त्याची जागा लॅटिनच्या पूर्णभूत संभावनार्थाने घेतली. ‘कांतास्सी’ (मी गायलो असतो तर, मी गावे म्हणून) या अर्थांनी येणारे रूप त्यापासून आले आहे.

रिकाम्या झालेल्या जागा संयुक्त रचनांनी भरल्या. नव्या भविष्यकाळासाठी मूळ रूपापुढे ‘हाबेओ’ (माझ्याजवळ आहे) हे क्रियापद ठेवण्यात येऊ लागले. ‘कांतारे हाबेओ’ म्हणजे मला गावयाचे आहे; यातून कर्तव्याची छटा जाऊन केवळ भविष्याचा अर्थ उरला व दोन शब्दांचा एक होऊन ‘कांतेरो’ (मी गाईन) हे रूप बनले. अशा जोडरूपाचा सर्वांत जुना लेखी दाखला सातव्या शतकातील फ्रेडेगारच्या नावावर असलेल्या बखरीत सापडतो. तीत सम्राट जस्टिनियनने पराभूत इराणी राजाकडे प्रांत मागितले असता राजाने नकार दिला आणि सम्राटाने ‘दारास’ (तू देशील) असे उत्तर दिले, म्हणून तेथील नगराला ते नाव पडले, अशी कथा आहे. नगरनामाची ही व्युत्पत्ती काल्पनिक आहे. तथापि जुन्या लॅटिनमधील ‘दाबिस’ या रूपाऐवजी नवे रूप तेव्हा बोलण्यात रुळले होते, हे तीवरून सिद्ध होते.

संकेतार्थ हा तर लॅटिनमध्ये नव्हताच. त्याची निर्मिती भविष्यकाळाच्याच धर्तीवर, परंतु सहायक क्रियापदाचे भूतकाळी रूप जोडून झाली. तस्कनीमध्ये ‘हाबुई’ या रूपाच्या बोलीतील पर्यायापासून ‘कांतेरेई’ (मी गाईन, जर…) हे रूप झाले, तर सिसिलीच्या काव्यभाषेत व इतरत्र ‘हाबेबाम’ या रूपापासून ‘-ईआ’ प्रत्ययान्त रूपे झाली. एकाच गरजेतून निघालेली ही दोन रूपे पुढे शतकानुशतके शेजारी नांदली.

भूतकाळातही नवी रचना रूढ झाली. ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’ अशा अर्थाच्या लॅटिन वाक्यरचनेतून ‘मी पत्र लिहिले आहे’ असा अर्थ निघू लागला आणि तीपासून ‘ओ स्क्रीत्तो’ या धर्तीचा निकट भूतकाळ (पास्सातो प्रोस्सिमो) सिद्ध झाला. यातील धातुसाधित मुळात कर्माचे विशेषण असल्याने ते कर्माच्या लिंगवचनानुसार बदलत असे. आजच्या भाषेत कर्म सर्वनामरूपाने क्रियापदापूर्वी आले की ही सुसंगती तृतीय पुरुषी सर्वनामाच्या बाबतीत आवश्यक असते. गतिवाचक व स्थितिवाचक अशा बऱ्याच अकर्मक क्रियापदांना ‘एस्सेरे’ (असणे) हे सहायक लागते व तेथे धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. मराठी वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. मराठीतील भूतकाळही संस्कृतच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून आला आहे. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे आणि ‘सीता गेली’ यात ते कर्त्याप्रमाणे चालते. दोन्ही भाषांत हा विकास स्वतंत्रपणे झाला. मराठीने कर्त्याला विभक्तिप्रत्ययान्त रूप दिले, तर इटालियनने ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा आधार घेतला.

जुना साधा भूतकाळ (पास्सातो रेमोतो) मात्र नष्ट झाला नाही. नियमित क्रियापदांत ‘कांताई, कांतास्ती, कांतो’ अशी त्याची रूपे सरळ आहेत. दुसऱ्या गणातील अनेक क्रियापदांत प्रथम पुरुष एकवचन आणि तृतीय पुरुषाची दोन्ही वचने यांत धातूच बदलतो : ‘स्क्रीस्सी’ (मी लिहिले), परंतु ‘स्क्रिव्हेस्ती’ (तू लिहिलेस). शिकणाऱ्यास अनियमित वाटणारी ही रूपे प्रत्यक्षात लॅटिन रूपांचीच ध्वनिनियमांनुसार झालेली रूपांतरे आहेत.

आरंभीचे लेखी पुरावे : इटलीतील लोकभाषेचा हेतुपुरस्सर केलेला पहिला लेखी उपयोग ९६० मध्ये काप्वा येथील एका न्यायनिवाड्यात आढळतो. माँते कास्सीनो येथील बेनेडिक्टपंथी मठ व एक स्थानिक जमीनदार यांच्यात जमिनीच्या ताब्याबद्दल तंटा होता. निवाड्याचा सर्व मजकूर लॅटिनमध्ये असून साक्षीदारांनी उच्चारलेले शपथवाक्य तेवढे लोकभाषेत नोंदलेले आहे. त्यातील ‘साओ’ (मला माहीत आहे) हे वर्तमानकाळाचे आणि ‘पोस्सेत्ते’ (त्याने ताब्यात ठेवले) हे साध्या भूतकाळाचे रूप होय. तीस वर्षांची वहिवाट सिद्ध करणारी साक्ष या दोन क्रियापदांवर उभी आहे. ‘साओ’ या रूपाच्या जागी आज प्रमाण भाषेत ‘सो’ असे म्हटले जाते.

तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रीड्रिख याच्या सिसिलीतील दरबारी काव्यरचना बहरली. त्या कवींची संकेतार्थाची ‘-ईआ’ प्रत्ययान्त रूपे तस्कन कवींनी उचलली व ती इटालियन काव्यभाषेत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. दान्तेने (१२६५–१३२१) चौदाव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये लिहिलेल्या भाषाविषयक प्रबंधात इटलीतील चौदा बोलींचा परामर्श घेऊन त्यांपैकी एकही, फ्लॉरेन्सचीदेखील, आदर्श म्हणून जशीच्या तशी स्वीकारण्याजोगी नाही, असा निष्कर्ष काढला. दैवगती अशी, की त्याच्या, तसेच पीत्रार्क (१३०४–७४) व बोकाचीओ (१३१३–७५) यांच्या साहित्याच्या बळावर फ्लॉरेन्सचीच भाषा पुढे आदर्श ठरली.

फ्लॉरेन्सची वैशिष्ट्ये : आज इटालियन म्हणून शिकविली जाणारी कित्येक रूपे मुळात एका नगराच्या बोलीची लकब होती. ‘आम्ही गातो’ यासाठी लॅटिनवरून अपेक्षित रूप ‘कांतामो’ हे आहे व रोमसह अनेक ठिकाणच्या बोलींत तशीच रूपे आजही ऐकू येतात. फ्लॉरेन्समध्ये तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संभावनार्थाचा ‘-इयामो’ हा प्रत्यय स्वार्थातही शिरला आणि तिन्ही गणांना सरसकट लागू झाला. दान्तेच्या महाकाव्यात जुन्या धर्तीची काही रूपे नव्यांच्या बरोबरीने येतात. भविष्यकाळात ‘कांतारो’ याऐवजी ‘कांतेरो’ असा ‘ए’कार येणे हीही फ्लॉरेन्सचीच लकब होय. शेजारच्या सिएनात ‘आ’कार कायम राहिला होता.

फ्लॉरेन्सची बोली स्वतःही स्थिर नव्हती. अपूर्ण भूतकाळाच्या प्रथम पुरुषी एकवचनाचे लॅटिनवरून आलेले रूप ‘कांताव्हा’ असे होते व ते तृतीय पुरुषी रूपाशी जुळत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्तमानकाळातील ‘-ओ’ प्रत्ययाच्या अनुकरणाने ‘कांताव्हो’ हे रूप लोकांच्या बोलण्यात येऊ लागले. ‘ते गातात’ यासाठी ‘कांतानो’ याऐवजी ‘कांतोनो’, तर ‘ते गायले’ यासाठी ‘कांतारोनो’ याऐवजी ‘कांतोर्नो’ अशी रूपे पंधराव्या शतकात प्रचारात आली. अशा रीतीने १५०० च्या सुमारास थोर साहित्याचे फ्लॉरेन्स व रस्त्यावरचे फ्लॉरेन्स यांच्या क्रियापदांत अंतर पडले होते. यांपैकी कोणत्या फ्लॉरेन्सला प्रमाण मानावयाचे, हा सोळाव्या शतकातील भाषावादाचा एक गाभ्याचा प्रश्न ठरला.

व्याकरणकारांचे कार्य : लोकभाषेला व्याकरण असते की नाही, याविषयीच मुळात पंधराव्या शतकात शंका होती. १४३५ मध्ये फ्लॉरेन्स येथे मानवतावादी विद्वानांत प्राचीन रोममधील सामान्य जन लॅटिनच बोलत, की त्यांची भाषा विद्वानांहून निराळी होती, यावर वाद झाला. त्याचा मागोवा घेत वास्तुशास्त्रज्ञ व लेखक लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती (१४०४–७२) याने १४४० च्या सुमारास तस्कन भाषेचे एक छोटेखानी व्याकरण रचले. त्यात त्याने क्रियापदांची रूपे लॅटिन व्याकरणाच्या साच्यात क्रमवार मांडली आणि नुकत्याच घडलेल्या क्रियेचा एक भूतकाळ तस्कन भाषेत आहे, असे नमूद केले. हाच पूर्वोक्त निकट भूतकाळ होय. लॅटिनच्या साच्यात न बसणारे रूप दोष म्हणून न वगळता भाषेची स्वतःची संपत्ती म्हणून नोंदविणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे. तथापि तो त्या काळी प्रसिद्ध झाला नाही. त्याची १५०८ मध्ये केलेली एक निनावी प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिली व तिचे मुद्रण १९०८ मध्ये झाले.

मुद्रित झालेले पहिले इटालियन व्याकरण जोव्हान्‌ फ्रांचेस्को फोर्तून्यो याचे असून ते १५१६ मध्ये आंकोना येथे प्रसिद्ध झाले. त्याहून अधिक प्रभाव प्येत्रो बेंबो (१४७०–१५४७) याच्या १५२५ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या लोकभाषाविषयक संवादग्रंथाचा पडला. बेंबो स्वतः व्हेनिसचा होता. त्याच्या मते लेखकाने गद्यासाठी बोकाचीओ व पद्यासाठी पीत्रार्क यांना आदर्श मानावे. चालू बोलणे, मग ते फ्लॉरेन्सचे का असेना, प्रमाण मानू नये. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याने क्रियापदांची रूपे सविस्तर दिली. ‘-इयामो’ प्रत्यय शुद्ध ठरला; अपूर्ण भूतकाळात ‘-आ’कारान्त जुने रूप मान्य झाले; ‘-ईआ’ प्रत्ययान्त संकेतार्थ काव्यापुरता राहिला. ‘कांतोनो’, ‘कांतोर्नो’ यांसारख्या तत्कालीन फ्लॉरेन्सच्या रूपांना प्रमाण कोष्टकात स्थान मिळाले नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या साहित्याची भाषा ज्याला ग्रंथातून शिकता येईल, तो कोणत्याही प्रांताचा असला तरी शुद्ध लिहू शकेल, ही या भूमिकेची मोठी सोय होती. राजकीय दृष्ट्या विभागलेल्या देशात लेखकांना व मुद्रकांना ती मानवली.

हिच्या विरोधी भूमिका फ्लॉरेन्सच्या नीक्कोलो मॅकिआव्हेलीने (१४६९–१५२७) मांडली. भाषाविषयक एका संवादात्मक लेखनात क्रियापद हे भाषेची शृंखला व स्नायू आहे, असे त्याने प्रतिपादन केले. त्याच्या मते परकीय शब्द किती आले यावरून भाषेचे स्वरूप ठरत नाही. ते शब्द ज्या क्रियापदरूपांनी व वाक्यरचनेने बांधले जातात, ती रूपे कोणाची आहेत, यावरून ते ठरते. म्हणून दान्तेची भाषा फ्लॉरेन्सचीच होय, असा त्याचा दावा होता. आधुनिक भाषाशास्त्रातही भाषांचे नाते ठरविताना शब्दसंग्रहापेक्षा रूपव्यवस्थेला अधिक महत्त्व दिले जाते. मात्र हे लेखन त्याच्या हयातीत छापले गेले नाही व वादाचा निकाल बेंबोच्या बाजूने लागला.

१५८३ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्थापन झालेल्या आक्कादेम्या देल्ला क्रुस्का या संस्थेने १६१२ मध्ये आपला शब्दकोश प्रसिद्ध करून चौदाव्या शतकातील तस्कन भाषेचे प्रामाण्य दृढ केले. पुढील व्याकरणांत क्रियापदांची कोष्टके अधिकाधिक विस्तृत होत गेली. मार्को मास्त्रोफीनी याने १८१४ मध्ये रोम येथे क्रियापदरूपांचा एक चिकित्सक कोशच प्रसिद्ध केला. त्यात एकेका क्रियापदाची प्रमाण, जुनी, काव्यगत व अग्राह्य रूपे वेगवेगळी दाखविली होती. तीन शतकांच्या व्याकरणपरंपरेनंतरही कोणते रूप लिहावे याविषयी सुशिक्षित माणसाला कोशाची गरज भासत होती, हे या ग्रंथावरून ध्यानात येते.

मान्झोनी आणि राष्ट्रीय एकीकरण : ग्रंथनिष्ठ प्रमाणाला सर्वांत परिणामकारक धक्का आलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५–१८७३) याने दिला. मान्झोनी मिलानचा, घरी तो मिलानची बोली व फ्रेंच बोलत असे. त्याची विख्यात ऐतिहासिक कादंबरी ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला व तेथील सुशिक्षितांची बोलभाषा ऐकून त्याने सर्व कादंबरी पुन्हा लिहून काढली. सुधारलेली आवृत्ती १८४०–४२ मध्ये निघाली. तिच्यात अपूर्ण भूतकाळाच्या प्रथम पुरुषी ‘-आ’कारान्त रूपांऐवजी बोलीतील ‘-ओ’कारान्त रूपे घालण्यात आली. बेंबोने नाकारलेले हे रूप तीनशेहून अधिक वर्षांनी या एका कादंबरीच्या लोकप्रियतेमुळे प्रतिष्ठित झाले. शाळाशाळांतून ती वाचली जाऊ लागल्यावर जुने रूप हळूहळू मागे पडले व आज ते केवळ जुन्या ग्रंथांत भेटते.

१८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, तेव्हा लोकसंख्येपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. तूल्ल्यो दे माउरो (१९३२–२०१७) या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केलेल्या अनुमानानुसार त्या वेळी इटालियन बोलू शकणारे लोक अडीच टक्केच होते. आर्रीगो कास्तेल्लानी याने १९८२ मध्ये तस्कनी व रोमचा परिसर यांतील लोकांना जमेस धरून हे प्रमाण सुमारे दहा टक्के असल्याचे मत मांडले. कोणताही आकडा घेतला, तरी नव्या राष्ट्राची भाषा बहुतेक नागरिकांना येत नव्हती, हे स्पष्ट आहे. मान्झोनीने १८६८ मध्ये शिक्षणमंत्र्यास सादर केलेल्या अहवालात फ्लॉरेन्सचे शिक्षक व फ्लॉरेन्सच्या वापरावर आधारलेला कोश यांच्या साह्याने भाषिक ऐक्य साधावे, अशी शिफारस केली. ग्रात्स्यादिओ इझाइआ आस्कोली (१८२९–१९०७) या थोर भाषाशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिला विरोध केला. एका नगराची लकब देशावर लादून भाषा एक होत नाही. विद्येचा व विचारांच्या देवघेवीचा प्रसार झाला म्हणजे ती आपोआप एक होते, असे त्याचे म्हणणे होते. कालांतराने घडले ते बरेचसे आस्कोलीच्या मताप्रमाणे. १८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याशिवाय लष्करी सेवा, शहरांकडील स्थलांतर, वृत्तपत्रे, नभोवाणी आणि १९५४ पासून दूरचित्रवाणी यांनी इटालियन ही घरोघरची भाषा केली.

सत्ता, शाळा व क्रियापद : इटालियनमध्ये आदरार्थी संबोधनासाठी ‘लेई’ हे स्त्रीलिंगी तृतीय पुरुषी सर्वनाम वापरले जाते व त्याबरोबर क्रियापदही तृतीय पुरुषी एकवचनी येते. आज्ञार्थात त्यासाठी संभावनार्थाचे रूप उसने घ्यावे लागते. मित्राला ‘व्हिएनी’ (ये) म्हटले, तर अपरिचिताला ‘व्हेंगा’ (यावे) म्हणावे लागते. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीने हा प्रयोग परकीय व दास्यवृत्तीचा ठरवून त्याऐवजी ‘व्होई’ हे द्वितीय पुरुषी अनेकवचन वापरण्याची मोहीम काढली. ‘लेई’ या नावाच्या एका महिला नियतकालिकालाही त्या वर्षी आपले नाव बदलावे लागले. राजवट कोसळल्यावर जुना प्रयोग पूर्ववत रूढ झाला. दक्षिणेत ‘व्होई’ हे संबोधन परंपरेने चालत आले होते व आजही काही ठिकाणी चालते. तो बोलीचा वारसा असून त्याचा या मोहिमेशी संबंध नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षण सार्वत्रिक झाले, तसे क्रियापदाचे शुद्ध रूप हे सामाजिक दर्जाचे गमक बनले. दोन लोरेन्त्सो मिलानी या धर्मोपदेशकाच्या बारब्याना येथील शाळेतील मुलांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या पत्ररूप पुस्तकात, शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मुलांना शाळा भाषेवरून नापास करते व पुन्हा गरिबीत लोटते, अशी तक्रार मांडली होती. माणसे समान होतात ती भाषेमुळेच, हा त्या पुस्तकाचा आशय देशभर गाजला. १९७५ मधील ‘फांतोत्सी’ या विनोदी चित्रपटात पाओलो व्हिल्लाज्यो याने रंगविलेला गरीब कारकून आदराने बोलू पाहतो आणि संभावनार्थाचे रूप चुकवून हास्यास्पद होतो. प्रेक्षक हसले, कारण अनेकांना ती भीती स्वानुभवाने ठाऊक होती. ज्यांच्या घरी बोली बोलली जात होती, त्यांना आदराचे साधे वाक्यही कोष्टक आठवूनच जुळवावे लागे.

सद्यःस्थिती : कोष्टकातील सर्व रूपे आज सारख्याच प्रमाणात वापरात नाहीत. साध्या भूतकाळाचा वापर प्रदेशानुसार बदलतो. उत्तरेतील बोलींतून तो बव्हंशी गेला असल्याने तेथील बोलण्यात निकट भूतकाळ त्याची जागा घेतो. सिसिलीत व दक्षिणेच्या काही भागांत अलीकडच्या घटनेसाठीही साधा भूतकाळ येतो. तस्कनीत दोहोंतील भेद बराचसा पाळला जातो. कथा, इतिहास व चरित्र यांच्या लेखनात मात्र साधा भूतकाळ सर्वत्र टिकून आहे. साध्या भूतकाळापासून बनणारे संयुक्त रूप (त्रापास्सातो रेमोतो) केवळ लेखनात व तेही क्वचित आढळते. भविष्यकाळी रूप पुष्कळदा भविष्यापेक्षा अंदाज व्यक्त करते आणि उद्याची गोष्ट वर्तमानकाळानेच सांगितली जाते.

संभावनार्थ नष्ट होत असल्याची चिंता वृत्तपत्रांतून वारंवार व्यक्त होते. मत, शंका, इच्छा व अट दर्शविणाऱ्या गौण वाक्यांत त्याऐवजी स्वार्थ वापरण्याची, तसेच ‘मला माहीत असते, तर मी आलो असतो’ अशा वाक्यात दोन्ही ठिकाणी अपूर्ण भूतकाळ योजण्याची प्रवृत्ती बोलण्यात दिसते. फ्रांचेस्को साबातीनी याने १९८५ मध्ये व गाएतानो बेर्रूतो याने १९८७ मध्ये अशा प्रयोगांची पद्धतशीर नोंद केली. सुशिक्षितांच्या अनौपचारिक बोलण्यात ते सर्रास येतात व त्यांतील पुष्कळांचे दाखले जुन्या साहित्यातही मिळतात, असे या अभ्यासातून दिसून आले. व्याकरणकारांनी बाजूला सारलेली रूपे बोलण्यातून कधी लोपलीच नव्हती. औपचारिक लेखनात, शाळेत व सार्वजनिक भाषणात संभावनार्थ अजूनही अपेक्षित असतो आणि तो चुकणाऱ्यावर टीका होते.

एकवीस काळांच्या या कोष्टकाला अशा प्रकारे निरनिराळ्या वयाची रूपे एकत्र नांदणारे संग्रहस्थान म्हणता येईल. त्यात रोमन काळापासून आलेला साधा भूतकाळ, लॅटिन बोलभाषेच्या पडझडीतून उभा राहिलेला भविष्यकाळ, फ्लॉरेन्सच्या तेराव्या शतकातील बोलीचा ‘-इयामो’ व मान्झोनीने प्रतिष्ठा दिलेला ‘-ओ’कारान्त अपूर्ण भूतकाळ एकाच पानावर येतात. ‘कांताव्हो’ या रूपाचा इतिहास पाहता आज अशुद्ध गणले जाणारे रूप उद्याही अशुद्धच राहील, असे म्हणता येत नाही. मात्र ते शुद्ध ठरेपर्यंत त्याची किंमत ते बोलणाऱ्यांनाच मोजावी लागते, हेही या इतिहासावरून दिसून येते.